पुढच्या सर्व्हरने मेल घेतला, म्हणजे जबाबदारी घेतली

आधी तुमच्या दोन्ही पोस्टफिक्स सर्व्हरवरच्या (मेल घेऊन पुढे पोहोचवणारा प्रोग्रॅम म्हणजे पोस्टफिक्स) मायनेटवर्क्स या विश्वासातल्या पत्त्यांच्या यादीतून ०.०.०.०/०, म्हणजे सगळं जग, काढा, पोस्टफिक्स रीलोड करा आणि मग पुढचं वाचा. ती नोंद आहे तोवर जगातला कोणीही तुमच्या सर्व्हरवरून कोणालाही मेल पाठवू शकतो. असे उघडे रिले हुडकणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस पोर्ट २५, म्हणजे सर्व्हरचं मेलचं दार, ठोठावत फिरत असतात. त्यांना तुमचा सर्व्हर सापडायला काही तास पुरतात, पण एकदा सर्व्हरचा आयपी पत्ता स्पॅमवाल्यांच्या काळ्या यादीत गेला की बाहेर काढायला दिवस जातात. तोवर तुमच्या परचेसवाल्यांचे खरे मेलही कुठे पोहोचत नाहीत.

आता तुमचा प्रश्न, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. बुटीबोरी एमआयडीसीतला उद्योगसमूह, तीन कंपन्या, तीन डोमेन्स. आत दोन मेल सर्व्हर, एकावर दोन कंपन्यांच्या मेलबॉक्स, दुसऱ्यावर तिसरीच्या. इतके दिवस हे दोन्ही सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडे होते. आता त्यांच्यापुढे पोस्टफिक्सचे दोन सर्व्हर उभे करून (हे ‘पुढचे’, आतले ते ‘मागचे’) एमएक्स तिकडे वळवलेत. डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचा हे डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या नाव-पत्त्यांच्या वहीत, सांगणारी नोंद म्हणजे एमएक्स. तेव्हापासून पहिल्या दोन डोमेन्सचे मेल ‘रिले ॲक्सेस डिनाइड’ म्हणून परत जातात, आणि तिसऱ्याचे ‘मेल लूप्स बॅक टू मायसेल्फ’ म्हणून बाउन्स होतात. कोणीतरी सांगितलं म्हणून मायनेटवर्क्स सगळ्या जगाला मोकळं केलं, तर पहिली चूक गेली. तसंच ठेवू का, असं तुम्ही विचारलंय.

ठेवायचं नाही. चूक गेली खरी, पण ती रोग रेड्याला आणि इलाज पखालीला अशा तऱ्हेने गेली.

बाहेरून कोणी मेल घेऊन आला की पोस्टफिक्स दोनच गोष्टी बघतो. आणणारा आपल्या विश्वासातला आहे का? नसेल, तर ज्याला मेल द्यायचा ते डोमेन आपलं आहे का? दोन्हींचं उत्तर नाही आलं की ‘५५४ ५.७.१ रिले ॲक्सेस डिनाइड’. मायनेटवर्क्स ही विश्वासातल्या लोकांची यादी. रिले_डोमेन्स ही ‘याचा मेल मी घेऊन पुढे पोहोचवीन’ अशा डोमेन्सची यादी. तुमच्याकडे येणारा मेल जगातल्या कुठल्याही अनोळखी सर्व्हरवरून येणार, म्हणजे त्याला पहिल्या यादीत जागा नाही. डोमेन मात्र दुसऱ्या यादीत हवंच. तुम्ही पाठवलेल्या कॉन्फिगमध्ये पहिल्या दोन डोमेन्सची नावं ट्रान्सपोर्टच्या तक्त्यात (कोणाचा मेल पुढे कुठे द्यायचा ते तिथे लिहितात) आहेत, रिले_डोमेन्समध्ये नाहीत. तिसऱ्याचं नेमकं उलट आहे. दोन वेगळ्या चुका एकाच दिवशी दिसल्यामुळे गोंधळ झाला, एवढंच.

हीच नावं मायडेस्टिनेशनमध्येही टाकायचा मोह होतो. तो टाळा. तिथे टाकलेलं डोमेन ‘इथेच राहणारं’ समजलं जातं. मग पोस्टफिक्स मागच्या सर्व्हरकडे न जाता स्वतःच्याच लिनक्स युजरमध्ये तुमच्या अकाउंट्सवाल्या मॅडमना शोधतो, त्या सापडत नाहीत आणि मेल नाकारला जातो. पुढच्या सर्व्हरच्या मायडेस्टिनेशनमध्ये त्याचं स्वतःचं नाव आणि लोकलहोस्ट एवढंच असावं.

मेल फिरून स्वतःकडेच येण्याचं कारणही सरळ आहे. तिसऱ्या डोमेनचा मेल घेतला, आता तो द्यायचा कुठे? ट्रान्सपोर्टमध्ये काही लिहिलेलं नाही म्हणून त्याने डीएनएसला विचारलं. डीएनएसने एमएक्स सांगितला, आणि तो एमएक्स म्हणजे हाच सर्व्हर. म्हणून ट्रान्सपोर्ट_मॅप्सच्या तक्त्यात प्रत्येक डोमेनसमोर मागच्या सर्व्हरचा पत्ता चौकटी कंसात लिहायचा:

तिसरं-डोमेन   एसएमटीपी:[१०.१०.२.६]:२५

ते चौकटी कंस शोभेचे नाहीत. ‘एमएक्स शोधू नकोस, नेमका याच पत्त्यावर जा’ असा त्यांचा अर्थ. पत्त्याऐवजी नाव लिहिलंत आणि कंस विसरलात, तर तो त्या नावाचाही एमएक्स शोधत बसतो. तक्ता हॅश प्रकारचा असेल तर बदलल्यावर पोस्टमॅप ही तक्ता नव्याने बांधणारी आज्ञा चालवा, नाहीतर फाइलमध्ये नवं आणि सर्व्हरच्या डोक्यात जुनं अशी स्थिती राहते. सबडोमेन वापरत असाल, समजा प्लांटच्या नावाचं, तर त्याची ट्रान्सपोर्टमध्ये वेगळी नोंद करा.

इथवर आलं की मेल वाहायला लागेल, आणि बहुतेक जण इथेच थांबतात. खरी अडचण मात्र इथून पुढे सुरू होते.

एसएमटीपी म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांना मेल देण्याचे नियम. त्यांचा ठरलेला मसुदा जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिला. त्या काळी दुसऱ्याचा मेल आपल्या सर्व्हरवरून पुढे ढकलणं हा शेजारधर्म होता. नव्वदच्या दशकात स्पॅमवाल्यांनी त्याचा फायदा घेतला, आणि १९९८ मध्ये सेंडमेल या मेल सर्व्हर प्रोग्रॅमच्या ८.९ आवृत्तीपासून रिले मुळातच बंद असण्याची पद्धत आली. त्याच वर्षी आयबीएममध्ये वित्से वेनेमा यांनी पोस्टफिक्स बाहेर काढलं. मधल्या काळात नियम बरेच बदलले, पण एक तत्त्व आजच्या मसुद्यातही तसंच आहे: मजकूर संपल्यावर सर्व्हरने ‘२५० ओके’ म्हटलं की तो मेल पोहोचवण्याची, किंवा न पोहोचल्यास पाठवणाऱ्याला कळवण्याची जबाबदारी त्याची. समोरचा सर्व्हर त्याच क्षणी आपली प्रत पुसून मोकळा होतो.

तेव्हा ज्या मेलला शेवटी नाही म्हणायचं आहे, त्याला दारातच नाही म्हणा, समोरचा फोनवर असतानाच. तुमच्या कॉन्फिगमधला प्रत्येक निर्णय या एका कसोटीवर घासून बघा.

हे न पाळल्याने काय होतं ते मी हिंगणा रोडवरच्या एका कारखान्यात पाहिलं आहे. मे महिना होता. सकाळी स्टोअरमधल्या मुलाचा फोन आला, ‘‘भाऊ, कालपासून पार्टीले मेल जाऊन नाही राहिले. येऊन राहिले बराबर, पण जाऊन नाही राहिले.’’ त्यांनी तोवर इंटरनेटवाल्याला बोलावून लाइन तपासून घेतली होती, राउटरही बदलला होता. मी पोहोचल्यावर पुढच्या सर्व्हरवर मेलक्यू ही क्यूत, म्हणजे रांगेत, अडकलेले मेल दाखवणारी आज्ञा दिली, तर ओळी थांबायलाच तयार नाहीत. प्रत्येक नोंदीत पाठवणारा एकच, मेलर-डीमन, म्हणजे बाउन्स लिहिणारा सर्व्हर स्वतःच. घेणारे कधी न ऐकलेल्या परदेशी डोमेन्सवरचे. खाली कारण, ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. कारखान्याच्या एकाही माणसाने त्यातला एकही मेल पाठवलेला नव्हता.

झालं असं होतं की पुढच्या सर्व्हरला डोमेन माहीत होतं, माणसं माहीत नव्हती. स्पॅमवाल्यांनी त्या डोमेनवर अंदाजपंचे नावं लावून मेल टाकले, सेल्स, इन्फो, ॲडमिन, आणि मग शब्दकोशातली नावं. पुढच्याने सगळ्यांना २५० दिलं. मागच्याने ‘असा कोणी नाही’ म्हणून ५५० दिलं. आता जबाबदारी पुढच्याची, म्हणून त्याने इमानदारीने प्रत्येकाला बाउन्स लिहिला. पण पाठवणाऱ्याचा पत्ताच खोटा होता. तो पत्ता ज्या निरपराध माणसांचा होता त्यांच्याकडे हे बाउन्स गेले, जे पोहोचले नाहीत ते क्यूत साचले, आणि आयपी काळ्या यादीत गेला. याला बॅकस्कॅटर म्हणतात. त्या दिवशी आधी माणसांची यादी पुढच्या सर्व्हरला दिली, मग मेलर-डीमनच्या नोंदी क्यूमधून काढल्या, आणि काळ्या यादीतून नाव निघेपर्यंत जाणारा मेल दुसऱ्या आयपीवरून सोडला. राउटर बदलण्याची काही गरज नव्हती.

माणसांची यादी देण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, रिले_रेसिपियंट_मॅप्स. मागच्या सर्व्हरवरचे सगळे चालू पत्ते, उपनावं आणि ग्रुप धरून, दर पंधरा मिनिटांनी एका फाइलमध्ये काढायचे आणि पुढच्या दोन्ही सर्व्हरवर पोहोचवायचे. मला हाच आवडतो, कारण मागचा सर्व्हर बंद असला तरी पुढच्याला माणसं ठाऊक असतात. पण स्क्रिप्ट लिहिताना एक काळजी घ्या. डिरेक्टरीशी संपर्क तुटला आणि स्क्रिप्टने रिकामी फाइल लिहिली, तर पुढचा सर्व्हर तुमच्या सगळ्या कंपनीला ‘असा कोणी नाही’ म्हणेल, तेही ५५० देऊन, कायमचं. नवी यादी जुनीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त घटली असेल तर ती लावायची नाही आणि मला मेसेज टाकायचा, एवढी अट माझ्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये असते. तिने मला एकदा नाही, अनेकदा वाचवलं आहे.

दुसरा मार्ग, रिजेक्ट_अनव्हेरिफाइड_रेसिपियंट. यात पोस्टफिक्स स्वतः मागच्या सर्व्हरला गुपचूप विचारून येतो, हा माणूस आहे का, आणि उत्तर काही काळ लक्षात ठेवतो. यादी सांभाळायची कटकट नाही. मात्र मागच्या सर्व्हरने आरसीपीटीच्या, म्हणजे घेणाऱ्याचा पत्ता सांगण्याच्या, टप्प्यावरच खरं उत्तर दिलं पाहिजे. काही सर्व्हर त्या वेळी सगळ्यांना हो म्हणतात आणि मजकूर घेतल्यावर नाकारतात. तिथे हा मार्ग फुकट जातो. म्हणून आधी पुढच्या सर्व्हरवर बसून मागच्याला टेलनेट करा, हेलो आणि मेल फ्रॉम द्या, मग असा पत्ता द्या जो नक्की नाही:

आरसीपीटी टू:<असा-कोणी-नाही@पहिलं-डोमेन>

लगेच ५५० आलं तर हा मार्ग वापरा. २५० आलं तर यादीच करा. तुमच्याकडे दोन वेगळे मागचे सर्व्हर आहेत, तेव्हा दोन्हींवर वेगवेगळं तपासा. आणखी एक: पोस्टफिक्स या तपासणीत नकार मिळाल्यावर मुळात ४५० देतो, म्हणजे ‘नंतर या’. खात्री पटल्यावर तो कोड ५५० करा, नाहीतर चुकीच्या पत्त्यावर मेल टाकणाऱ्याला पाच दिवस काहीच कळत नाही.

याच कसोटीवर मेलचा आकार घासून बघा. मेसेज_साइज_लिमिट मुळात १,०२,४०,००० बाइट असतं, म्हणजे साधारण दहा एमबी. पण जोडलेली फाइल बेस ६४ मध्ये बदलून जाते आणि एक तृतीयांशाहून थोडी जास्तच फुगते. म्हणून टेंडरचं आठ एमबीचं ड्रॉइंग पाठवणाऱ्याला वाटतं आपण मर्यादेत आहोत, आणि दारात ते अकरा एमबीच्या आसपास भरतं. मर्यादा वाढवा, पण पुढची मर्यादा मागच्यापेक्षा जराशी कमी ठेवा. पुढचा सर्व्हर स्वतःचे हेडर जोडतो, तेव्हा दोन्हीकडे अगदी तोच आकडा ठेवला तर काठावरचा मेल पुढे पास आणि मागे नापास होतो. पुन्हा बाउन्स, पुन्हा तीच गोष्ट. स्पॅम आणि व्हायरसची तपासणीही यासाठीच पुढे, कनेक्शन चालू असताना व्हावी. मागच्या सर्व्हरने स्पॅम म्हणून मेल नाकारायचाच नाही. फार तर जंक फोल्डरमध्ये टाकावा.

आता काळ्या याद्यांबद्दल, कारण तुमच्या कॉन्फिगमध्ये स्पॅमहॉसची झेन ही काळी यादी दिसली आणि रिझॉल्व्हर (आपल्या वतीने डीएनएसला विचारणारा) म्हणून ८.८.८.८ हा गूगलचा सार्वजनिक रिझॉल्व्हर दिसला. ही जोडी धोक्याची आहे. स्पॅमहॉस सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत आलेल्या विचारणेला खरं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ हा ‘विचारणा चुकली’ अशा अर्थाचा निरोप देतो. आपण ‘काहीही उत्तर आलं म्हणजे यादीत आहे’ असं कॉन्फिग केलेलं असेल, तर जगातला प्रत्येक पाठवणारा स्पॅमर ठरतो आणि एकही मेल आत येत नाही. दोन्ही पुढच्या सर्व्हरवर स्वतःचा रिझॉल्व्हर, अनबाउंड, बसवा, रिझॉल्व्हर १२७.०.०.१ ठेवा, आणि यादीच्या उत्तरांमधले १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ एवढेच कोड धरा. रोजचा मेल जास्त असेल तर त्यांच्या मोफत वापराच्या अटीही वाचून घ्या. त्यासोबत पोस्टस्क्रीन हा पोस्टफिक्सचा राखणदार चालू करा. खरा मेल सर्व्हर आधी समोरच्याचं स्वागत ऐकतो आणि मग बोलतो, स्पॅमच्या प्रोग्रॅमना तेवढा धीर नसतो. पोस्टस्क्रीन सहा सेकंद गप्प बसून एवढंच बघतो. त्यातच बराच कचरा गळून पडतो, पोस्टफिक्सच्या बाकीच्या प्रक्रियांना हातही न लागता.

मागच्या सर्व्हरवर काय बदलायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही. पण अर्धं काम तिथेच आहे. फायरवॉलवर त्यांचं पोर्ट २५ फक्त पुढच्या दोन आयपींसाठी उघडं ठेवा. एमएक्स बदलला म्हणून जुना पत्ता स्पॅमवाले विसरत नाहीत, ते वर्षानुवर्षं थेट तिथेच येत राहतात, आणि मग तुमचं पुढचं सगळं दार असून नसल्यासारखं. मागच्यांवरची एसपीएफ तपासणी (डोमेनने जाहीर केलेल्या आयपींवरूनच मेल आला का, ते बघणं) आणि ग्रेलिस्टिंग (अनोळखी सर्व्हरला आधी ‘नंतर या’ म्हणणं) या दोन आयपींसाठी बंद करा. मागच्याला आता प्रत्येक मेल तुमच्याच सर्व्हरवरून आलेला दिसणार, आणि कोणत्याही बँकेच्या एसपीएफमध्ये तुमचा आयपी नसणार. मग बँकेचाच मेल खोटा ठरतो. एका आयपीवरून मिनिटाला इतकीच कनेक्शन्स, अशी मर्यादा मागे असेल तर तीही यांच्यासाठी सैल करा.

इथेच एक अलीकडची गोष्ट. डिसेंबर २०२३ मध्ये एसएमटीपी स्मगलिंग हा प्रकार उघड झाला. मेल कुठे संपतो, याबद्दल दोन सर्व्हरचं एकमत नसेल, तर एका मेलच्या पोटात दुसरा मेल लपवून आत घुसवता येतो, आणि त्यावर तिसऱ्याच कोणाचं नाव लावता येतं. नियमाप्रमाणे शेवट म्हणजे सीआर-एलएफ (ओळ संपल्याची दोन अक्षरांची खूण), टिंब, सीआर-एलएफ. काही सर्व्हर नुसत्या एलएफने वेढलेलं टिंबही शेवट समजत. तुमच्यासारख्या पुढे-मागे वेगळे सर्व्हर असलेल्या रचनेत हे नेमकं जाणवतं. पोस्टफिक्समध्ये याचं उत्तर एसएमटीपीडी_फॉरबिड_बेअर_न्यूलाइन हे आहे, त्याची किंमत नॉर्मलाइज ठेवा. ३.९ पासून तेच मुळात असतं, जुन्या आवृत्तीवर असाल तर आधी अपडेट घ्या.

दोन पुढचे सर्व्हर घेतलेत हे चांगलं केलंत, फक्त त्यातल्या दुसऱ्याला ‘बॅकअप’ समजू नका. एमएक्समध्ये लहान आकडा आधी, मोठा नंतर. स्पॅमवाले मुद्दाम मोठ्या आकड्याकडे जातात, कारण तिथे तपासणी ढिली असते हा त्यांचा अनुभव आहे. म्हणून दोघांना सारखाच आकडा द्या आणि दोघांवर अक्षर न् अक्षर सारखं कॉन्फिग ठेवा. माझ्याकडे ते गिटमध्ये (फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) असतं आणि तिथूनच दोन्हीकडे जातं, हाताने बदल करायला बंदी. शक्य असेल तर दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइनवर ठेवा. दोन्ही एकाच रॅकमध्ये, एकाच यूपीएसवर असतील तर दोन असण्याचा अर्थ निम्मा उरतो. नागपूरच्या मे महिन्यात रविवारी दुपारी सर्व्हर रूमचा एसी बंद पडला, तर दोन्ही एकाच वेळी तापतात.

मागचा सर्व्हर बंद पडला तर घाबरू नका. पोस्टफिक्स पाच दिवस प्रयत्न करत राहतो. पाच मिनिटांपासून सुरुवात करून तो प्रत्येक मेलमागची वाट वाढवत नेतो, ४००० सेकंदांपर्यंत. म्हणजे मागचा सर्व्हर चालू झाल्यावरही काही मेल तासाभराहून जास्त क्यूत बसलेले दिसतील. त्या वेळी पोस्टक्यू -एफ ही आज्ञा दिली की सगळे एकदम निघतात. मात्र हे रोजची सवय म्हणून क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत, टाकू नका. क्यू कुठे तुंबतेय ते बघायला क्यूशेप उत्तम. कुठल्या डोमेनचे किती मेल किती मिनिटांपासून बसलेत, ते एका तक्त्यात येतं.

जाणाऱ्या मेलचं थोडक्यात सांगतो, तो वेगळा विषय आहे. मायनेटवर्क्समध्ये मागच्या दोन सर्व्हरचे दोन पत्ते आणि लोकलहोस्ट, बस्स. सगळा लॅन टाकू नका. एका लॅपटॉपला लागण झाली की तो तुमच्याच नावाने स्पॅम ओतायला लागतो. माणसांनी पोर्ट ५८७ वर पासवर्ड देऊन यावं. पासवर्ड देता न येणाऱ्या जुन्या स्कॅनरसाठी त्या एकेका यंत्राचा पत्ता लिहा. दोन्ही पुढच्या आयपींना इंटरनेट कंपनीकडून पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी डीएनएस नोंद) लावून घ्या, तो सर्व्हर हेलोमध्ये जे नाव सांगतो त्याच नावाचा असावा, आणि ते नाव डीएनएसमध्ये उलटून त्याच आयपीवर यावं. एसपीएफमध्ये दोन्ही आयपी थेट लिहा. इन्क्लूडची साखळी लावत गेलात तर दहा डीएनएस विचारणांची मर्यादा ओलांडली जाते आणि सगळा एसपीएफच निकामी ठरतो. डीकेआयएमची, म्हणजे मेलवरची डोमेनची डिजिटल, सही पुढच्या सर्व्हरवर, अगदी शेवटी करा. आधी सही आणि नंतर कंपनीची तळटीप जोडली तर सही तुटते. डीमार्क (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं, ते सांगणारी नोंद) आधी ‘नन’वर, म्हणजे ‘काही करू नका’वर, ठेवून अहवाल वाचा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही लागतात, पण कमी पाठवत असाल तरी करा.

टीएलएस, म्हणजे वाटेत मेल कोणाला वाचता येऊ नये म्हणूनचं कुलूप, बाहेरच्यांसाठी ‘मे’ (जमलं तर), पुढच्या-मागच्यांमध्ये ‘एन्क्रिप्ट’ (सक्तीचं). यात फार विचार करण्यासारखं नाही.

लॉगकडे मात्र लक्ष द्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, आणि बऱ्याच लिनक्समध्ये लॉगरोटेट चार आठवड्यांनी ते पुसून टाकतो. ती संख्या बदला. सर्व्हरची घड्याळं एनटीपीने (इंटरनेटवरून अचूक वेळ घेण्याची सोय) जुळवा, नाहीतर एकच मेल पुढच्या लॉगमध्ये १०:१५ ला निघालेला आणि मागच्यात १०:१२ ला पोहोचलेला दिसतो, आणि भांडण मिटवताना आपल्याच पुराव्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. ‘मेल आलाच नाही’ अशी तक्रार आली की आधी पुढच्या लॉगमध्ये क्यू आयडी शोधा. त्या ओळीच्या शेवटी मागच्या सर्व्हरने दिलेलं उत्तर असतं, आणि बहुतेक वेळा त्यात मागच्याचाही क्यू आयडी असतो. तो धरून मागे जा. दोन मिनिटांत कळतं घोडं कुठे पेंड खातंय.

आता दुरुस्ती कोणत्या क्रमाने करायची ते. तुमचा एमएक्स आधीच वळला आहे, म्हणून ०.०.०.०/० काढल्यावर सगळ्यात आधी दोन्ही पुढच्या सर्व्हरवर सॉफ्ट_बाउन्स चालू करा. त्याने कायमचे नकार तात्पुरते होतात. तुमची चूक झाली तरी पाठवणारा सर्व्हर मेल स्वतःकडे ठेवून पुन्हा येतो, हरवत नाही. मग रिले_डोमेन्समध्ये तिन्ही डोमेन्स, ट्रान्सपोर्टमध्ये तिन्हींचे पत्ते, पोस्टमॅप, रीलोड. बाहेरच्या एखाद्या खात्यावरून तिन्ही डोमेन्सवर एकेक मेल टाका, एकेक मुद्दाम चुकीच्या पत्त्यावर टाका, आणि मोबाइलच्या इंटरनेटवरून तुमच्या सर्व्हरमार्फत तुमच्या नसलेल्या एखाद्या डोमेनला मेल देऊन बघा. मोबाइल कंपनी पोर्ट २५ अडवत असेल तर बाहेरच्या एखाद्या सर्व्हरवरून करा. या शेवटच्या मेलला ‘रिले ॲक्सेस डिनाइड’चाच नकार मिळाला पाहिजे, सॉफ्ट_बाउन्समुळे कोड ४५४ दिसेल एवढंच. मग माणसांची यादी लावा. दोन दिवस लॉगमधले नकार रोज सकाळी वाचा. सगळे नकार योग्य आहेत असं दिसलं की सॉफ्ट_बाउन्स बंद करा, विसरू नका, कारण ते चालू राहिलं तर स्पॅमवालेही पुन्हा पुन्हा येत राहतात.

मागच्या सर्व्हरचं पोर्ट २५ बाहेरून बंद करणं मात्र लगेच करू नका. एमएक्सचा जुना टीटीएल (डीएनएसचं उत्तर किती वेळ धरून ठेवायचं ती मुदत) एक दिवसाचा होता असं तुम्ही लिहिलंय, आणि काही डीएनएस त्याहूनही जास्त वेळ जुनं उत्तर धरून ठेवतात. आठवडाभर तिथला लॉग बघा. थेट येणाऱ्यांत तुमचे खरे पुरवठादार किंवा ग्राहक दिसेनासे झाले, नुसता कचराच उरला, की त्या दिवशी संध्याकाळी फायरवॉलचा नियम लावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात लवकर या.